दुखण्यासाठी ‘डिप्रेशनची गोळी’ : डोस, त्रास आणि सोडताना होणारी फसगत

राकसकोप (धागाकर्ता)

साखरेमुळे पायांची आग, नागीण बरी झाल्यावरही राहिलेली जळजळ, वर्षानुवर्षांची कंबर, गुडघे. या दुखण्यांवर अमिट्रिप्टिलिन, नॉर्ट्रिप्टिलिन नाहीतर ड्युलोक्सेटिन लिहिलेली चिठ्ठी बेळगाव-खानापूरपासून चिकोडी-निपाणीपर्यंत कुठंही बघायला मिळते. मग घरातलं कोणीतरी मोबाइलवर नाव टाकतं, ‘डिप्रेशनची गोळी’ असं वाचतं, आणि त्याच रात्री गोळी बंद. ‘आम्हाला काय वेड लागलंय?’ याच्या उलट दुसरी तऱ्हा : तीच गोळी चार वर्षं चालू, का चालू आहे ते घरात कोणालाच ठाऊक नाही.

आधी ही गोळी दुखण्याला का, तेवढं सांगतो. मेंदूच्या देठापासून मणक्यात उतरणारे काही मज्जामार्ग खालून वर येणाऱ्या वेदनेचा जोर मोडतात. त्यांना नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन ही रसायनं लागतात. या गोळ्या ती रसायनं परत शोषली जाऊ देत नाहीत, म्हणून वेदना अडवणारा मार्ग जास्त वेळ कामावर राहतो. अमिट्रिप्टिलिन शिवाय नसांमधल्या सोडियमच्या वाटाही थोड्या बंद करतं. मन ठणठणीत असलेल्या माणसातही हे घडतं. डोसही वेगळे : नैराश्याला अमिट्रिप्टिलिन ७५ ते १५० मिलिग्रॅम देतात, दुखण्याला १० पासून सुरू करून बहुतेकांचं ७५ च्या आत भागतं.

डोस, त्रास आणि सोडायची रीत यावर जाणकारांनी लिहावं. ‘मला असं झालं, तसं झालं’ यासाठी दुसरा धागा आहे.

मलप्रभा

अमिट्रिप्टिलिनपासून सुरुवात करते.

पहिला डोस रात्री १० मिलिग्रॅम. वय ६५ च्या पुढं असेल तर काही डॉक्टर ५ देतात. दर एक-दोन आठवड्यांनी १० नं वाढ. दुखणं सुसह्य झालं किंवा तोंड फार कोरडं पडू लागलं की तिथंच थांबायचं. एकदम २५ वर सुरू केलं की पहिले तीन दिवस माणूस झोपूनच असतो, चौथ्या दिवशी ‘हे आपल्याला सोसत नाही’ म्हणून गोळी फेकतो. औषध बरोबर असतं, पायरी चुकलेली असते.

झोप पहिल्या आठवड्यातच सुधारते. दुखण्यातला फरक दोन ते चार आठवड्यांनी कळतो, आणि सोसेल त्या डोसवर सहा ते आठ आठवडे काढल्याशिवाय ‘लागू पडत नाही’ म्हणू नये. ही पॅरासिटामॉल नव्हे. जास्त दुखलं त्या दिवशी घेतली, कमी होतं तेव्हा सोडली, असं केलं तर फायदा शून्य आणि त्रास पुरा.

कोणाला देताना डॉक्टर दोनदा विचार करतात : प्रोस्टेट वाढलेला (लघवी अडते), काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार, नुकताच हृदयविकाराचा झटका, ठोक्यांची गडबड. हृदयाची तक्रार असेल किंवा वय जास्त असेल तर आधी ईसीजी काढून घेतलेला बरा. आणि गोळ्यांचा पत्ता नातवंडांच्या हाती लागेल असा खिडकीत ठेवू नका. हे औषध लहान पोराच्या पोटात गेलं तर ठोके बिघडून जिवावर बेततं.

वडगाव_माग

सकाळी सहाच्या पाळीला मागावर उभं राहायचं आणि रात्रीची गोळी डोक्यात बसलेली. धोटा कुठं, हात कुठं कळत नाही म्हणतात. मग काय करायचं ओ?

मलप्रभा

गोळी झोपताना घ्यायची हा समज सोडा, काका. झोपायच्या दोन-तीन तास आधी, म्हणजे संध्याकाळी सात-साडेसातला घ्या. पेंग गोळीनंतरच्या पहिल्या काही तासांत जास्त असते, ती रात्रीतच उरकते. रात्री अकराला घेतली तर सहा वाजता ती अंगातच असणार. तरीही सकाळी जड वाटलं तर अमिट्रिप्टिलिनऐवजी नॉर्ट्रिप्टिलिनबद्दल विचारा. अमिट्रिप्टिलिनचं यकृतात रूपांतर होऊन जे बनतं तेच हे. गुंगी आणि तोंडाचा कोरडेपणा थोडा कमी. सुरू करताना आणि डोस वाढवल्यावर चार-पाच दिवस यंत्रमाग, दुचाकी, ट्रॅक्टर नको. पाळी बदलून मिळत असेल तर गोळी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरू करा.

बिछान्यातून उठताना आधी बसा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा. रक्तदाब एकदम उतरतो आणि न्हाणीघरात माणूस पडतो. बीपीची गोळी आधीच चालू असेल तर जास्तच.

बद्धकोष्ठाला दोन चमचे इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात. पाणी कमी घेऊन इसबगोल खाल्लं तर पोटात खडा होतो. जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी चालूच ठेवा. तोंड कोरडं पडतं म्हणून दिवसभर गोळ्या-चॉकलेटं चघळू नका, लाळ कमी असताना दात लवकर किडतात. बडीशेप, पाण्याचे घोट, बिनसाखरेचं च्युइंगगम.

अवांतर : या गोळीनं गोडाची ओढ वाढते आणि वजन चढतं. बेळगावात राहून कुंद्यापुढं तोंड आवरायचं हे कोणत्याच चिठ्ठीत लिहिलेलं नसतं. महिन्याला एकदा वजन करा, तेवढं पुरे.

खानापूरचा_पाऊस

ड्युलोक्सेटिनची बाजू मी घेतो.

अमेरिकेत २००४ साली ते नैराश्य आणि मधुमेही नसदुखी या दोन्हींसाठी मंजूर झालं, २००८ मध्ये फायब्रोमायल्जियासाठी (अंगभर राहणारं जुनाट दुखणं), २०१० मध्ये जुनी कंबरदुखी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी. २०२३ च्या कॉक्रेन (औषधांच्या चाचण्या एकत्र करून पडताळणारी संस्था) आढाव्यात जुनाट दुखण्यावर नैराश्यविरोधी औषधांच्या १७६ चाचण्या आणि २८,६६४ रुग्ण तपासले गेले. त्यात सगळ्यांत भरवशाचा पुरावा ड्युलोक्सेटिनचा निघाला, आणि रोजच्या ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त डोसनं जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे ६० नं भागलं नाही म्हणून १२० वर जाण्यात बहुधा त्रासच वाढतो. त्याच आढाव्याचं दुसरं वाक्य लोक वाचत नाहीत : वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं याचा धड पुरावा कोणत्याच औषधाचा नाही.

सुरुवात २० किंवा ३० नं, एक-दोन आठवडे, मग ६०. मळमळ हा पहिल्या पंधरवड्याचा ठरलेला पाहुणा. उपाशीपोटी घेऊ नका, जेवणानंतर घ्या. झोप उडाली तर सकाळी, पेंग आली तर रात्री, पण वेळ रोज एकच. घाम सुटतो, आणि एप्रिल-मेमध्ये रानात काम करणाऱ्याला तो जाणवतो. रक्तदाब थोडा वाढू शकतो, तेव्हा सुरू करण्याआधी आणि महिन्यानं मोजा. यकृताचा आजार, रोजची दारू, किंवा मूत्रपिंड फारच कमजोर (क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली) असेल तर हे औषध नको.

कोणी बोलत नाही म्हणून लिहितो : पुरुषांत वीर्यपतनाला वेळ लागतो, बायकांतही इच्छा कमी होते. बरेच पुरुष एवढ्यावरून न सांगता गोळी सोडतात, आणि एकदम सोडतात. डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येतं.

निपाणी_नाका

आमच्याकडचा प्रश्न. विडी-तंबाखूचा आणि या गोळीचा संबंध असतो का?

खानापूरचा_पाऊस

असतो, पण तंबाखूचा नव्हे, धुराचा. जळताना जी रसायनं निघतात ती यकृतातला सीवायपी १ए२ हा विकर (औषध मोडणारं एन्झाइम) वाढवतात, आणि ड्युलोक्सेटिन त्याच वाटेनं मोडलं जातं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात औषध साधारण एक तृतीयांशानं कमी राहतं. मशेरी लावणं, चुना-तंबाखू मळून खाणं यानं हा फरक पडत नाही (बाकीचे तोटे आहेतच). उलट बाजू : ड्युलोक्सेटिन चालू असताना कोणी विडी सोडली तर आठवड्याभरात औषधाचं प्रमाण वाढतं, आणि मळमळ-घाम कशानं वाढला ते उमजत नाही.

तोच विकर सिप्रोफ्लॉक्सासिन अडवतं. लघवीच्या जळजळीला, जुलाबाला ही गोळी कोणीही सहज देतं. ड्युलोक्सेटिनवर असाल तर आधी सांगा, दुसरं प्रतिजैविक निघतं.

हिंडलगेकर

या धाग्यात एक गोष्ट अजून कोणी काढली नाही. आपल्याकडं ही औषधं एकटी क्वचितच येतात.

पत्ता उलटा करून बारीक अक्षर वाचा. नसांची गोळी म्हणून जी मिळते तिच्यात बऱ्याचदा प्रीगॅबालिन ७५ आणि नॉर्ट्रिप्टिलिन १० असतं, वर मिथिलकोबालामिन (बी-१२ जीवनसत्त्व). दुसरी जोडी गॅबापेंटिन आणि नॉर्ट्रिप्टिलिनची. तिसरी प्रीगॅबालिन आणि ड्युलोक्सेटिनची. आणि एक जुनी जोडी : अमिट्रिप्टिलिन १२.५ किंवा २५ आणि क्लोरडायझेपॉक्साइड ५ किंवा १०. यातलं क्लोरडायझेपॉक्साइड झोप-चिंतेच्या, सवय लागणाऱ्या गटातलं आहे. ते बरेच महिने घेऊन एकदम तोडलं तर फिट येऊ शकते.

जोडगोळीची अडचण घेताना कळत नाही, सोडताना कळते. एक औषध कमी करायचं म्हटलं तर दुसरंही तेवढंच कमी होतं. प्रीगॅबालिन किमान आठवडाभरात उतरवायचं असतं, नॉर्ट्रिप्टिलिनचा हिशेब निराळा, ड्युलोक्सेटिनचा त्याहून निराळा. शिवाय कॅप्सूल अर्धी करता येत नाही. म्हणून सोडायचं ठरलं की पहिलं काम डोस कमी करणं हे नाही. पहिलं काम जोडगोळी मोडून दोन सुटी औषधं त्याच मात्रेत लिहून घेणं. मग एकाला हात लावायचा, दुसरं जागेवर ठेवायचं.

वडगाव_माग

कंबरेला ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी देतात की. ती हिच्यासोबत चालते नव्हं?

हिंडलगेकर

नाही चालत म्हटलेलं बरं. ट्रॅमाडॉलही सेरोटोनिन वाढवतं. दोन्ही मिळून काही तासांत थरथर, घाम, जुलाब, स्नायूंचे झटके, ताप, अस्वस्थता सुरू झाली तर थेट दवाखान्यात, उद्यावर ढकलायचं नाही. फिटचाही धोका वाढतो. आणि गंमत अशी की ड्युलोक्सेटिन ज्या विकराला दाबतं (हा वरच्याहून वेगळा, सीवायपी २डी६) त्याच्याशिवाय ट्रॅमाडॉलचं खरं वेदनाशामक रूप बनत नाही. म्हणजे धोका दुप्पट, गुण निम्मा.

याच यादीत : खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अर्धशिशीच्या ट्रिप्टान गोळ्या, लिनेझोलिड हे प्रतिजैविक. डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळी शौच झाली तर थांबू नका.

मलप्रभा

+१. आणि ज्येष्ठांसाठी एक भर. वय ६५ च्या वर, बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन (नावापुढं ‘एच’ किंवा ‘सीएच’ असतं ती), आणि त्यावर ड्युलोक्सेटिन, असं त्रिकूट जमलं की रक्तातलं सोडियम घसरू शकतं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान हवं. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत एकदा तपासा. डोकं दुखणं, चालताना झोक जाणं, आजोबा असंबद्ध बोलायला लागणं, हे ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं.

सांबरा_रोड

सोडण्याबद्दल एवढी भीती कशाला घालताय? १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन काय, उद्या बंद केली तरी काही होत नाही.

राकसकोप

१० वर आणि महिनाभरच घेतली असेल तर बहुतेकांना खरंच काही होत नाही. दोन वर्षं ५० घेतली असेल तर होतं : झोप उडणं, मळमळ, घाम, पातळ शौच, तोंडाला पाणी सुटणं. घेताना जे कोरडं पडलं होतं ते सगळं उलटं वाहू लागतं. दर एक-दोन आठवड्यांनी १० कमी करा. शेवटची १० जड गेली तर अर्धी करा. अर्धी गोळी कडू लागते आणि जीभ बधिर होते, घाबरू नका, पाण्यासोबत पटकन गिळा.

ड्युलोक्सेटिनला मात्र ‘काही होत नाही’ म्हणू नका ओ. त्याचं अर्धं प्रमाण सुमारे १२ तासांत उतरतं. म्हणजे २४ तासांनी पाव, ४८ तासांनी सोळावा हिस्सा. म्हणूनच ‘एक दिवसाआड घेऊन सोडा’ हा सल्ला या औषधाला सगळ्यांत वाईट. दर दोन दिवसांनी शरीर एकदा तळाला जातं आणि एकदा वर येतं. दिवस गाळायचे नाहीत, रोजचा डोस लहान करायचा.

खानापूरचा_पाऊस

पायऱ्या सांगतो. कॅप्सूल २०, ३०, ४०, ६० अशा मिळतात. ६० वरून ४०, मग ३०, मग २०, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. वर्षापेक्षा जास्त घेतलं असेल तर चार आठवडेच धरा. पायरी उतरल्यावर त्रास झाला तर मागच्या पायरीवर परत जाऊन थांबा, पुढं रेटू नका.

अडतं ते २० वर. ६० चे ४० करणं आणि २० चे शून्य करणं कागदावर सारखंच, वीसच कमी. शरीरात तसं नाही. कमी डोसलाही सेरोटोनिन परत ओढणारे बरेचसे पंप अडलेले असतात, म्हणून शेवटच्या २० मध्येच मोठा भाग सुटतो. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ साली लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात हाच मुद्दा मांडला : डोस जितका लहान, पायरी तितकी बारीक.

सांबरा_रोड

मग २० च्या खाली उतरायचं कसं? कॅप्सूल उघडून?

खानापूरचा_पाऊस

इथं मतभेद आहेत. कंपनीचं पत्रक सांगतं, उघडू नका. आतल्या दाण्यांवर आवरण असतं, कारण पोटातल्या आम्लात औषध नासतं. दाणे चावले, कुटले किंवा गरम आमटीत टाकले तर आवरण गेलंच. काही डॉक्टर मात्र दाणे न फोडता मोजून दर पंधरवड्याला थोडे कमी करायला सांगतात. कोणी तसं सांगितलं तर तीन गोष्टी विचारून घ्या : आपल्या कॅप्सूलमध्ये दाणे आहेत की छोट्या गोळ्या (दोन्ही प्रकार मिळतात), मोजलेले दाणे कशातून घ्यायचे, आणि दर महिन्याला एकाच कंपनीचा माल मिळेल का. कंपनी बदलली की दाण्यांचा आकार बदलतो आणि सगळी मोजणी चुकते. स्वतःच्या डोक्यानं हे करू नये असं माझं मत.

हिंडलगेकर

माझं मत जरा वेगळं. दाणे मोजण्यापेक्षा शेवटच्या टप्प्याला मनोविकारतज्ज्ञांना विचारून औषधच बदलणं सोपं, फ्लुओक्सेटिनसारखं सावकाश उतरणारं. पण तो निर्णय त्यांचाच, आणि दोन्ही एकत्र आपल्या मनानं चालू ठेवायची नाहीत.

निपाणी_नाका

गोळी कमी केल्यावर त्रास झाला तर तो सोडण्याचा की मूळ दुखणं परत आलं, हे ओळखायचं कसं?

मलप्रभा

तीन खुणा. वेळ : सोडण्याचा त्रास दोन-चार दिवसांत येतो, मूळ दुखणं हळूहळू, काही आठवड्यांत. रूप : मान किंवा डोळे फिरवले की डोक्यात विजेचा झटका, चक्कर, रंगीत विचित्र स्वप्नं, उगाच रडू किंवा चिडचिड, हे आधी कधी नव्हतंच, मग ते दुखणं कसं असेल? आणि उतारा : मागचा डोस घेतल्यावर सोडण्याचा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो. दुखणं एवढ्या झटपट हटत नाही.

त्यासाठी वही ठेवा. रोज रात्री ० ते १० मध्ये दुखणं, झोपेचे तास, आणि एक काम (उदा. किती वेळ उभं राहता आलं). सात वरून पाचवर आलं तरी तो खरा फरक, शून्याची वाट बघू नका. आठ आठवड्यांत आकडा हललाच नाही तर औषध वाढवत नेण्यापेक्षा उतरवण्याचं बोला.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलल्यावरचे दिवस लक्ष ठेवा. जीव नकोसा वाटतो असं बोलणं, रात्रभर येरझाऱ्या, हे दिसलं तर डॉक्टरांना लगेच. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे.

वडगाव_माग

दही, आंबट, मटण काही पथ्य? घरात रोज यावरनंच भांडण चाललंय.

मलप्रभा

काही पथ्य नाही. दारू तेवढी नको. भांडण मिटलं असं समजा.

राकसकोप

आणखी एक. सरकारी दवाखान्यात कधीकधी कन्नडमध्ये सांगतात आणि आपले लोक मान हलवून बाहेर येतात. ‘ऊट आद मेले’ म्हणजे जेवणानंतर. ‘मात्रे’ म्हणजे गोळी. चिठ्ठीवरचं ०-०-१ म्हणजे फक्त रात्री, १-०-१ म्हणजे सकाळ-रात्र. अमिट्रिप्टिलिनपुढं १-०-१ दिसलं तर परत जाऊन विचारा, चूक असण्याची शक्यता आहे.

गोळी चुकली तर? आठवली की घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडा. दोन एकदम नकोत. गावाला, लग्नाला, कोल्हापूर-मिरजेला तपासणीला जाताना चार दिवसांच्या जादा गोळ्या पिशवीत असू द्या. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा आणि उपाशी राहायच्या सकाळी गोळी घ्यायची का ते विचारून घ्या. दिवस राहिले असतील तर घाबरून तोडू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

निपाणी_नाका

मेडिकलवाला पत्ता कापून दहाच गोळ्या देतो, नाव त्याच्याकडंच राहतं. मग पुढच्या डॉक्टरांना काय दाखवायचं?

हिंडलगेकर

नाव, मिलिग्रॅम आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या. तो देत नसेल तर बिल घ्या, बिलावर नाव आणि बॅच येते. घरी आल्यावर गोळ्या नाव नसलेल्या बाजूनं काढत जा, छापलेला कोपरा शेवटी राहील. आणि रिकामा पत्ता चुलीत टाकू नका, मूळ चिठ्ठीला टाचणीनं लावून ठेवा.